स्पोर्ट्स कारवाल्यांचे सल्ले ऐकून नीट परीक्षा सोडू का? परभणीच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

बाकीच्यांसाठी आधी पत्र थोडक्यात सांगतो. पत्र लिहिणारा मुलगा परभणी जिल्ह्यातला, बारावी सायन्स, पीसीएमबी म्हणजे मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घेतलेलं, लातूरला रूम करून मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करायलाय. घरी पाच एकर कोरडवाहू आणि वडलांचं गावातच ट्रॅक्टर रिपेअरिंगचं गॅरेज. रात्री अभ्यास झाला की रील्स बघतो, त्यात एक जण माइक घेऊन महागड्या स्पोर्ट्स कारवाल्यांना थांबवतो, सर तुम्ही काय करता आणि आमच्यासारख्या पोरांना काय सांगाल असं विचारतो. या पठ्ठ्यानं त्या उत्तरांची वहीच केलीय. कुणी म्हणतो बिझनेस, कुणी रिअल इस्टेट, कुणी सर्जन, कुणी ट्रेडिंग, आणि सल्ले म्हणजे रिस्क घ्या, नोकरी करू नका, डिग्रीनं काही होत नाही. शेवटी विचारलंय, सर, डॉक्टर होऊन लॅम्बोर्गिनी येईल असं वाटत नाही, तर नीट सोडून ४० हजारांचा ट्रेडिंगचा कोर्स लावू का, आणि पप्पांना काय सांगू.

लेकरा, पहिली गोष्ट, गाडी आवडते यात लाजायचं काहीच नाही. तू पत्रात दोन वेळा 'हसू नका' लिहिलंस, मी हसलो नाही. सतरा-अठराव्या वर्षी काहीतरी मोठं हवं असं वाटलंच पाहिजे. माझं म्हणणं फक्त त्या वहीबद्दल आहे, कारण वही चांगली केलीस पण प्रश्न अर्धेच लिहिलेस.

त्या वहीत आणखी चार रकाने पाड. त्या माणसाचं वय किती, हे काम किती वर्षं करतोय, सुरुवातीला भांडवल कुणाचं होतं आणि गाडी कुणाच्या नावावर आहे. आता परत रील्स बघ आणि रकाने भरायचा प्रयत्न कर. भरताच येणार नाहीत, कारण माइकवाला हे विचारतच नाही. आणि गाडी तरी त्याचीच आहे का हेही आपल्याला कळत नाही, अशा गाड्या दिवसाच्या भाड्यानंही मिळतात. 'रिस्क घ्या' म्हणणारा एक जण गाडीत बसलेला दिसतो, पण तीच रिस्क घेऊन ज्यांचं दुकान बुडालं, शेत गहाण पडलं, ते कुणी त्या सिग्नलला उभे नसतात, त्यांच्यापुढं कुणी माइक धरत नाही, म्हणून तुझ्या वहीत एकही पान त्यांचं नाही.

सर्जनचंच घे, कारण तो रस्ता तुझ्या पायाखालचा आहे. एमबीबीएस साडेपाच वर्षं इंटर्नशिपसकट, मग पीजी ३ वर्षं, सुपरस्पेशालिटी केली तर अजून ३. म्हणजे सगळं पहिल्या झटक्यात झालं तरी तिशी येते, मग हॉस्पिटल काढलं तर मशिनरीचं कर्ज. रीलमधला सर्जन पंचेचाळीस-पन्नासचा असतो तो यामुळं. तो 'मेहनत करा' म्हणाला आणि तुला ते उत्तर फिकं वाटलं, पण तुझ्या अख्ख्या वहीत मला तेच एक उत्तर असं दिसलं ज्याच्या मागं किती वर्षं गेली हे मोजता येतं.

आता पैशाकडं बघू. आपल्याच संभाजीनगरात, तेव्हा औरंगाबाद, २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या लोकांनी, तू तेव्हा पाळण्यात असशील. एकूण ६५ कोटींच्या गाड्या, आणि त्यातले ४४ कोटींच्या वर स्टेट बँकेचं कर्ज, ७ टक्के व्याजानं. देशभर बातमी झाली. सगळ्यांना चकचकीत गाड्यांचा फोटो आठवतो, मला त्यातलं कर्ज जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन तृतीयांश पैसा बँकेचा होता आणि बँकेनं तो दिला कारण त्या लोकांचे वर्षानुवर्षांचे रिटर्न, ताळेबंद, चालू धंदा समोर होता. शिवाय एकेकट्यानं शोरूमला जाण्यापेक्षा गट करून गेले, भाव पाडून घेतला. यात शिकण्यासारखं खरंच आहे, पण ते रीलमध्ये मावत नाही.

स्पोर्ट्स कारचा हिशोब तर अजून वेगळा. पोर्शे ९११ आपल्याकडं २ कोटींच्या आसपास जाते. समज त्यातलं नुसतं १ कोटीचं कर्ज काढलं ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी, तर हप्ता महिन्याला साधारण १ लाख ६१ हजार बसतो, सात वर्षांत फेड १ कोटी ३५ लाखांची. इन्शुरन्स, टायर, सर्व्हिस वेगळी. म्हणून अशा बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात, धंद्यासाठी वापरली तर इनकम टॅक्समध्ये दरवर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे गाडीची घटलेली किंमत, खर्च म्हणून धरता येतो. आणि परदेशातून तयार येणाऱ्या गाडीवर कस्टम ड्युटी एवढी की २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीचीच ड्युटी १ कोटीच्या वर गेली होती, ती माफ करण्यावरून कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. सचिनचं हे झालं, तू-मी तर लांबच.

गाडीवाल्यांकडून शिकायचंच असेल तर मी तुला दोघांबद्दल सांगतो. एक जण जगाला माहीत आहे. अमेरिकेतला टीव्हीवरचा कॉमेडियन जे लेनो, त्याच्याकडं गाड्यांचं केवढं मोठं कलेक्शन आहे. त्यानं स्वतः बऱ्याचदा सांगितलंय की तरुणपणापासून त्याच्या दोन कमाया असायच्या, लहान कमाईवर घर चालवायचं आणि मोठी बँकेत टाकायची. टीव्हीचा मोठा पगार सुरू झाला तरी तो स्टेज शोच्या पैशावरच जगायचा. एवढी साधी गोष्ट, आणि ती कुणीही करू शकतो, गॅरेजवाल्याचं पोरगंसुद्धा.

दुसरे आपले संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतले एक कारखानदार, नाव देत नाही, माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडं पोर्शे बॉक्स्टर आहे, सेकंडहँड, पन्नाशीत घेतली. हे आधी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे-हत्यारं बनतात तिथं, नोकरीला होते, मग भाड्याच्या शेडमध्ये दोन जुन्या लेथ टाकल्या आणि तयार पार्ट बजाजच्या एम-८० दुचाकीवर बांधून कंपनीच्या गेटवर नेऊन द्यायचे. पहिल्याच वर्षी एक अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला, बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, २० मायक्रॉननं मोठं निघालं म्हणून. त्या रात्री ते आणि त्यांची बायको शेडमध्ये खाली पोतं अंथरून बसले आणि प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप बघायची दांडी, घालून एकेक पीस तपासला, गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो बाजू अडली पाहिजे, अडली तर उजवीकडं, नाही अडली तर भंगारात. सकाळी चांगले पीस घेऊन हे परत गेटवर. मी विचारलं की त्या रात्री सोडून द्यावंसं वाटलं का, तर म्हणाले, "सर, झोप लई येत होती, बाकी काही वाटलं नाही." पहिली दहा-बारा वर्षं आलेला पैसा मशीनमध्येच घातला, गाडी घेतली तेव्हा एकाही मशीनचा हप्ता बाकी नव्हता. आणि चालवतात किती, तर रविवारी सकाळी समृद्धीवर, तिथंही १२० ची लिमिट. गावातल्या रस्त्यानं नेलं तर स्पीडब्रेकरला गाडी तिरकी करावी लागते, नाहीतर खाली घासते. पण खूश आहे माणूस, आणि मला त्यांची खुशी एकदम रास्त वाटते.

वाळूजला असे बरेच सापडतील. १९८५ च्या सुमाराला तिथं बजाजचा प्लांट आला आणि त्याला पार्ट पुरवणारे आजूबाजूला उभे राहिले. एन्ड्युरन्स कंपनी त्याच काळात दोन डाय कास्टिंग मशीनवर सुरू झाली, आज तिचे प्लांट युरोपात आहेत. आता हेही तितकंच खरं की तिचे संस्थापक राहुल बजाज यांचे भाचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यांची सुरुवात एका रेषेवरून होत नाही आणि हे माहीत नसलं की पोरं विनाकारण स्वतःला कमी समजतात. पण एम-८० वाला माणूसही त्याच एमआयडीसीत उभा राहिला, त्याला मामा नव्हता.

आता तुझ्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात आवडलं त्यावर येतो. तू सहज लिहून गेलास की सुट्टीत पप्पांसोबत ट्रॅक्टरची क्लचप्लेट बदलतो आणि ते काम करताना वेळ कसा जातो कळत नाही. तुला लॅम्बोर्गिनी हवीय ना, मग ती कुठून आली ते ऐक. फेरुचियो लॅम्बोर्गिनी इटलीतल्या शेतकऱ्याचा पोरगा, दुसऱ्या महायुद्धात मेकॅनिक होता, युद्ध संपल्यावर लष्कराचं उरलेलं सामान घेऊन त्यानं ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, १९४८ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली. पैसा आल्यावर फेरारी घेतली, तिचा क्लच सारखा जायचा, उघडून बघितलं तर तो त्याच्या ट्रॅक्टरमध्ये असायचा तसाच निघाला, असं तो स्वतः सांगायचा. फेरारीकडं तक्रार केली तर तू ट्रॅक्टर चालव म्हणून हिणवलं. मग १९६३ मध्ये स्वतःची कार कंपनी. पुढं १९७० च्या दशकात ती विकूनही टाकली आणि द्राक्षाच्या मळ्यात जाऊन राहिला. तू जे गॅरेजमध्ये हातानं करायलास, त्याच कामातून ती गाडी निघालीय. हे तुझ्या वहीत नव्हतं, लिहून घे.

ट्रेडिंगच्या कोर्सचं स्पष्ट सांगतो, भरू नको. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये आकडे काढले, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांनी पैसे घालवले, सगळ्यांचं मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. ज्याला त्यातून खरंच कमाई होते त्याला तुझ्या ४० हजारांची गरज कशाला पडावी? आणि ते ४० हजार कुठले आहेत ते तुला माहीत आहे, कापूस विकून आलेले किंवा उधारी वसूल करून आलेले. शेअर बाजार शिकायचा तर कमवायला लागल्यावर स्वतःच्या पैशानं शिक, बाजार कुठं पळून जात नाही.

मग करायचं काय. नीट या टप्प्यावर सोडू नको, एवढी तयारी झालीय तर परीक्षा दे, २० लाखांच्या वर पोरं बसतात, काय होतंय ते बघू. पण तुझ्याकडं मॅथ्स आहे, म्हणून इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची एमएचटी-सीईटी असते, तिचा पीसीएम म्हणजे मॅथ्सवाल्या ग्रुपचा फॉर्म आवर्जून भर, ही एक गोष्ट विसरलास तर मला खरंच वाईट वाटेल. लातूरच्या रूमवर सगळे नीट-नीट करतात म्हणून मॅथ्सकडं बघतच नाहीत पोरं. सीईटीत बरे मार्क पडले तर संभाजीनगरचं शासकीय इंजिनीअरिंग, नांदेडचं एसजीजीएस ही आपल्या भागातली चांगली कॉलेजं आहेत, मेकॅनिकलला जा आणि पहिल्याच वर्षी कॉलेजच्या बाहा किंवा सुप्रा या गाडी बनवायच्या स्पर्धांच्या टीमबद्दल चौकशी कर. त्यात पोरं स्वतः गाडी डिझाइन करतात, वेल्डिंग करतात आणि रेसट्रॅकवर पळवतात, मुलाखतीला गेल्यावर त्या टीममध्ये केलेलं काम सांगता येतं. चित्र काढायचा हात असेल तर आयआयटी मुंबई घेतं ती यूसीईईडी परीक्षा, त्यातून डिझाइनला जाता येतं, गाड्यांची बॉडी काढणारे लोक त्या वाटेनं येतात. मार्क कमी पडले तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, त्यात कमीपणा मानू नको, शॉप फ्लोअरवर डिप्लोमावाल्याला चांगला मान आहे. धाकटा भाऊ दहावीला आहे म्हणालास, त्याच्यासाठी चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूमचा टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा बघून ठेव. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा प्लांट आहे, ऑडीच्या गाड्यांची जुळणी तिथंच होते, तिथंच जवळ बिडकीनला टोयोटा आणि इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर येणार म्हणून २०२४ मध्ये जाहीर झालंय, म्हणजे गाड्यांचं काम परभणीपासून एका दिवसात जाऊन यायच्या अंतरावर आहे.

आणि नीटला चांगले मार्क पडले आणि मन डॉक्टरकीतच रमलं तर बिनधास्त हो डॉक्टर. फक्त ती पहिली दहा-बारा वर्षं गाडीचा विचार न करता रोज करावंसं वाटेल असं काम कोणतं, पेशंट का क्लचप्लेट, ते तुझं तू ठरव. मी पत्रावरून अंदाज केलाय, तो चुकीचाही असू शकतो.

पप्पांना काय सांगू विचारलंस. कोर्सचं सांग, लपवू नको, रागावतील ते थोडं. मग सीईटीचं सांग. गॅरेज चालवणाऱ्या माणसाला पोरगं मशीनकडं वळायलंय हे कळायला वेळ लागत नाही, कदाचित त्यांनीच तुला डॉक्टर करायचं ठरवलं ते तुझे हात काळे होऊ नयेत म्हणून. त्यांच्याशी यावर एकदा मोकळं बोल, माझ्या सल्ल्यापेक्षा त्या बोलण्यातून जास्त निघेल.

परीक्षा झाल्या की पप्पांना घेऊन वाळूजला ये, त्या बॉक्स्टरवाल्यांशी बोलून ठेवलंय, ते कारखाना दाखवतील आणि गाडीतही बसवतील. येताना बूट घालून या दोघंही, चप्पल घालून शॉपमध्ये सोडत नाहीत.