वय 20, नंबर -4, शिरोलीत फाउंड्रीत काम : चष्मा, लेन्स की लेसर?

सध्या चष्माच ठेवा; वर्षभर नंबर हलला नाही, तर लेसरसाठी डोळे तपासून घ्या. मी कोल्हापुरात चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. फाउंड्रीच्या वाळूच्या धुळीत लेन्स नकोच, एक कण खाली अडकला की कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा. (चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे, तो वरून घालायचाच.) लग्नाकार्यापुरत्या लेन्स चालतील, पण त्या घालून पंचगंगेत उडी नको, नळाच्या पाण्यानं धुणंही नको. लेसरला 18 पूर्ण लागतात, ते झालेत. मात्र कॉर्निया पातळ किंवा शंकूसारखा निघाला तर डॉक्टर नाहीच म्हणतील. आणि लेसर केलं तरी पुढं चाळिशी लागायची ती लागतेच.