ध्रुपद कोण धरणार, ते आधी बघ

प्रिय लेकी,

तुझी यादी मिळाली. अकरा गाणी, प्रत्येकापुढे मिनिटं आणि सेकंद, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'माझ्या शेवटच्या दिवशी'. वाचल्यावर मी आधी फोन उचलला. तब्येत विचारली, झोप लागते का विचारलं, मन कुठे अडकलंय का तेही विचारलं. तू म्हणालीस, "मावशी, मला काही झालेलं नाही. आजोबांच्या वेळी जे झालं ते माझ्या वेळी नको, एवढंच." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तरी एक सांगून ठेवते. उद्या कधी मन जड झालं, तर यादी पाठवत बसू नकोस, सरळ घरी ये. रात्री दोन वाजता आलीस तरी दार उघडेन.

आजोबांचं मला कळतं. ज्या माणसाने जन्मभर नाट्यपदं ऐकली, त्याच्या शेवटच्या वाटेवर शववाहिकेच्या कर्ण्यातून एकच नामधून स्मशान येईपर्यंत फिरत राहिली. त्या नामात वाईट काही नाही. पण ते त्यांचं नव्हतं, आणि लावण्याआधी कोणी कोणाला विचारलंही नाही. त्या दिवशी तुला जे टोचलं ते खरं आहे. म्हणून यादी करतेस यात मला काही अभद्र वाटत नाही. आपल्याकडे असा विषय काढला की "शुभ बोल नाऱ्या" म्हणून गप्प करतात, आणि मग ऐन वेळी ज्याच्या हाताला जे लागेल ते वाजतं.

मी एकतीस वर्षं महिला भजनी मंडळात गाते. एकादशीला बोलावतात, वास्तुशांतीला बोलावतात, तसं मयताच्या घरीही बोलावतात. सुरुवातीची कित्येक वर्षं आम्ही बायका उंबऱ्यापर्यंतच. तिरडी उचलली की पुरुषांची दिंडी अभंग घेऊन पुढे निघायची आणि आम्ही दारात उभ्या. गल्लीच्या वळणापर्यंत शब्द ऐकू यायचे, मग नुसता टाळांचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी मृदंगाची थाप तेवढी. ती थांबली की घरात ओक्साबोक्शी रडणं सुरू व्हायचं. माझ्या आईच्या वेळी मी पहिल्यांदा वळणाच्या पुढे गेले, टाळ घेऊन. कोणी अडवलं नाही. त्या दिवशी मला कळलं की भजनी ठेक्याच्या आठ मात्रा आणि खांदा दिलेल्या माणसांची पावलं आपोआप जुळतात. ओझं सारखं होतं. विसाव्याला तिरडी खाली ठेवली, दिशा बदलली, खांदेकरी बदलले, तेवढ्यात अभंगही बदलला. नव्या माणसांनी नवी ओळ उचलली आणि चालू लागले.

आता तुझ्या यादीबद्दल. गाणी सुरेख आहेत, निवड तुझीच आहे हे पहिल्या तीन नावांत कळतं. पण सगळीच्या सगळी ऐकायची आहेत. एकही म्हणायचं नाही. तुझ्या यादीत तुझी माणसं हाताची घडी घालून उभी आहेत आणि स्पीकर वाजतोय. मयताच्या घरात माणसं काय करतात ते मी फार जवळून बघितलंय. येतात, हात जोडतात, आणि मग कुठे बघावं ते त्यांना कळत नाही. बांबू यायचे असतात, कोणीतरी मुंबईहून निघालेलं असतं, डॉक्टरचा दाखला हातात पडायचा असतो. तो तास-दोन तासांचा वेळ नुसता अंगावर येतो. गाणं लागतं ते त्या वेळेला, आणि ते त्यांच्या तोंडात असावं लागतं.

एका घरी नवरा गेलेली बाई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून डोळ्यांतून टिपूस नाही, पाणी नाही, बोलणं नाही. आम्ही तुकोबांचा 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा रामराम घ्यावा' घेतला. ध्रुपद, म्हणजे फिरून फिरून येणारी ती ओळ, तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिचे ओठ हलले. आवाज नव्हता. मग सतरंजीच्या काठावर तिचा अंगठा ठेका धरू लागला. 'तुमच्या लागतसे पाया' ही ओळ आली आणि ती उठली, त्याच्या पायांवर हात ठेवला आणि मोठ्याने रडली. शेजारच्या बाया म्हणाल्या, बरं झालं. मलाही तेच वाटलं.

हा अभंग मी शेकडो वेळा म्हटला असेल. देहूला तुकाराम बीजेच्या दिवशी, फाल्गुन वद्य द्वितीयेला, नांदुरकीच्या झाडाखालच्या गर्दीत उभं राहूनही म्हटलाय. त्यातली एक गोष्ट नीट बघ. 'जातो' असं म्हणतोय तो जाणारा. 'तुमची आमची हेचि भेटी, येथुनिया जन्मतुटी' हेही त्याचंच. पण त्याचं तोंड मिटलेलं आहे, तुळशीचं पान आहे त्यावर. म्हणून त्याचा निरोप मागे राहिलेले त्याच्या वतीने घेतात, आणि घेतात स्वतःचाच. ज्याच्याशी चार वर्षं अबोला होता तो भाऊसुद्धा 'आता असो द्यावी दया' म्हणतो आणि त्याला कळतं की ही दया आपल्याकडे मागितली जातेय. स्पीकरवरच्या गाण्याने हे होत नाही. ज्याच्या गळ्यातून शब्द जातो त्यालाच तो लागतो.

तू देव मानत नाहीस हे मला माहीत आहे. मग अभंग घेऊच नकोस. सहलीला गेल्यावर बसमध्ये एकीने सुरू केलं की तुम्ही सगळ्या जणी जे गाणं एकदम उचलता, ते घे. सिनेमातलं असलं तरी चालेल. लोक काय म्हणतील याचा विचार त्या दिवसासाठी तरी करू नकोस. ज्याचं ध्रुपद दहा जणींना न बघता येतं, ते तुझं गाणं.

यादीतल्या तीन गाण्यांबद्दल मात्र बोलायला हवं. 'उड जाएगा हंस अकेला' तू पहिलं ठेवलंस. ते गाणारे कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने देवासला अंथरुणाला खिळले होते, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि त्या दिवसांत माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानांवर पडत राहिली. कबिराच्या त्या पदात मला अजूनही तो एकट्याचा श्वास ऐकू येतो. उघड्या मैदानात, लाकडांच्या आवाजात आणि माणसांच्या कुजबुजीत ते विरून जाईल. ते रात्रीसाठी ठेव, सगळे पांगल्यावर घरात जी चार-पाच माणसं उरतात त्यांच्यासाठी. कवी भा. रा. तांब्यांचं 'जन पळभर म्हणतील हाय हाय' दहाव्याच्या आधी नको. शब्द खरे आहेत, पण तुझ्या आईला पहिल्या दिवशी ते ऐकवू नकोस. 'अवघा रंग एक झाला' कुठेही ठेव. सोयराबाईंचा अभंग आहे, किशोरीताई आमोणकरांनी भैरवीत गायला आहे, आणि मैफल भैरवीने संपते हे तुला मी सांगायला नको. सोयराबाईंचे यजमान चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गाडले गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, असं सांगतात. ही गोष्ट मी लहान मुलींना शिकवताना नेहमी सांगते. माणूस त्याच्या गाण्यावरून ओळखू यावा, आजोबांच्या वेळी तुलाही तेच हवं होतं.

आता व्यवहाराचं. शहरात विद्युतदाहिनी असली तर दारासमोर फार तर पाच-सात मिनिटं मिळतात, मागे दुसरी माणसं थांबलेली असतात. तिथे एकच गाणं, तेही दोन कडवी. जे काही लांबवायचं ते घरी. रात्री दहानंतर कर्णा लावायला कायद्याने मनाई आहे, पण गळ्याला नाही. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, खाली ठेवायला सांग. एरवी आम्ही पेटीच्या काळी चारमध्ये गातो, अशा घरी मी दोन-तीन सूर उतरवते, कारण रडलेला गळा वर जात नाही आणि वरचा सूर फाटला की माणसं गायची थांबतात. फोनवरून काही वाजवायचंच असेल तर गाणं आधी उतरवून घ्यायला सांग आणि नेट बंद ठेवायला सांग. एका मुलाने वडिलांच्या आवडीचं गाणं लावलं होतं. पहिला अंतरा संपतो न संपतो तोच गृहकर्जाची जाहिरात सुरू झाली. हात थरथरत होते त्याचे, फोन बंद होईना. दहाव्यालाही तो तेच बोलत होता.

हे सगळं मृत्युपत्रात लिहू नकोस. ते कपाटातून बाहेर येईपर्यंत राख सावडून झालेली असते. वेगळा कागद कर, दोन माणसांच्या हातात दे, आणि त्यातलं एक तरी तुझ्यापेक्षा लहान असू दे. अकराची तीन कर. दर वाढदिवसाला कागद बघ, गाणं बदलावंसं वाटलं तर बदल.

माझा कागद तयार आहे. एकच अभंग आहे, कुठला ते तू ओळखलं असशील. चाल आमच्या गुरुबाईंची, जरा वेगळी आहे, दुसऱ्या ओळीला कोमल निषादावर थांबते. मंडळातल्या आम्ही सहा जणींना ती येत होती. आता तिघी उरलोय, आणि तिघी सत्तरीच्या पुढच्या. ध्रुपद धरायला कोणीतरी तरुण गळा हवा. रविवारी संध्याकाळी पाचला ये. टाळ माझ्याकडे आहेत, वही तेवढी घेऊन ये.

अनेक आशीर्वाद,
तुझी मावशी