वहीतले दोन रकाने

"मॅडम, जीव नक्की कधी येतो?"

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. कधी थेट, कधी आडून. "दोन महिन्यांत तसं काही नसतं ना हो?" "ठोके लागले होते, म्हणजे मग…?" "आमच्याकडे म्हणतात, पाचव्यात येतो." विचारणारीला जीवशास्त्राची गोडी असते असं नाही. तिचा गर्भ गेलेला असतो, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पाडावा लागलेला असतो. नाशिकमध्ये बावीस वर्षं मी समुपदेशनाचं काम करते आहे. गावातल्या दोन-तीन स्त्रीरोगतज्ज्ञ अशा बायकांच्या कागदावर औषधांच्या खाली माझा नंबर लिहून देतात.

पूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर द्यायचे. माझी बैठक विवेकवादी. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा विचार माणसाला जास्त छळतो, हे मी मानते. म्हणून विचार दुरुस्त करायला बसायचे. बीज फळायला जवळजवळ एक दिवस लागतो, सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ते गर्भाशयाला चिकटतं, साधारण चौदा दिवसांपर्यंत त्या एकाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, मग 'एक जीव' आला असं त्याआधी कसं म्हणणार? ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीने १९८४ साली भ्रूणावरच्या संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, त्यामागेही हा मुद्दा होता, हेसुद्धा सांगायचे. बायका मान डोलवायच्या, फी द्यायच्या आणि परत यायच्या नाहीत. मला वाटायचं, बऱ्या झाल्या.

वैदेहीने (नाव बदललं आहे) माझी ही खोड मोडली.

ती अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. वय एकोणतीस, पहिलंच बाळंतपण. आधीची सोनोग्राफी कामाच्या गडबडीत राहून गेली आणि एकोणिसाव्या आठवड्यात कळलं की बाळाच्या डोक्याची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच झालेला नाही. असं मूल जगत नाही. जन्मलंच तर काही तास, फार तर काही दिवस. दोघांनी दोन रात्री जागून काढल्या आणि गर्भपात करून घेतला. कायद्याची अडचण नव्हती, कारण वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. चौथ्या दिवशी ती ऑफिसला हजर. महिनाअखेर होती.

माझ्याकडे आली तेव्हा आठ आठवडे उलटले होते. बोलता बोलता तिचा मोबाईल वाजला, तिने तो उचलून मला दाखवला. गरोदरपणाचं अॅप. 'सत्ताविसावा आठवडा! तुमचं बाळ आता फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झालं आहे.' अॅप तिने काढून टाकलं नव्हतं. दर मंगळवारी एक भाजी यायची.

"काढावंसं वाटत नाही?"

"मी काढलं तर मीच दोनदा काढलं असं होईल."

दुसऱ्या भेटीत तिने पर्समधून वही काढली. हिशेबनीसच ती. मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे 'जीव होता', उजवीकडे 'जीव नव्हता'. दोन्ही बाजू भरगच्च. वही अजून डोळ्यासमोर आहे. निळं बॉलपेन, प्रत्येक नोंदीपुढे बरोबरची खूण, आणि पानाच्या तळाशी बेरजेची दुहेरी रेघ. रेघेखाली काहीच नाही.

डावीकडे पहिली नोंद चरकाची: शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीत संयोग झाला की त्याला गर्भ म्हणतात. म्हणजे पहिल्या क्षणापासूनच. उजवीकडे गर्भोपनिषद: पहिल्या रात्री कलल, सात रात्रींनी बुडबुडा, पंधरवड्याने पिंड, महिन्याने तो घट्ट होतो, आणि सातव्या महिन्यात जीवाशी संयोग. एकाच धर्माचे दोन ग्रंथ, मधे सहा महिन्यांचं अंतर! पुन्हा डावीकडे सुश्रुत: चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आईच्या ठायी दोन हृदयं होतात, म्हणून ती दौहृदिनी. आपले डोहाळे या दौहृदाच्याच गोतातले, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला चिंचेचे नाही, खडूचे लागले होते."

उजवीकडे विज्ञानाच्या नोंदी. त्यातली एक मला फार आवडली: 'बीजांड आधीपासून जिवंत, शुक्रजंतूही जिवंत. मग सुरू काय झालं?' खरंच आहे. मुलीच्या अंडाशयातली बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आपण ज्या बीजापासून झालो ते एकेकाळी आजीच्या पोटात होतं. पेशींपुरतं बोलायचं तर जीव सुरू होत नाही, तो चालत येतो. 'माणूस' कुठून धरायचा हे मात्र सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ते आपण ठरवतो आणि प्रत्येक परंपरेने आपापल्या जागी ठरवलं आहे.

त्या जागा किती वेगळ्या आहेत, हे मी खुर्चीत बसून शिकले. मालेगावच्या एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या हदीसप्रमाणे (पैगंबरांच्या वचनांप्रमाणे) चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे झाले की फरिश्ता रूह (आत्मा) फुंकतो, म्हणजे एकशेवीस दिवसांनी. त्यांचा गर्भपात सतरा आठवडे तीन दिवसांवर झाला होता. गुणाकार केला तर एकशेबावीस. दोन दिवसांसाठी ती बाई पाच महिने झोपली नव्हती. मी एवढंच सांगितलं की डॉक्टर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी राहतो, तुमचे एकशेआठ. पुढचं तुमच्या मौलानांना विचारा. तिथे गणितानेच काम भागलं, असा योग क्वचित. वसईच्या एका कॅथलिक नर्सला गणिताचा काही उपयोग नव्हता. तिच्या चर्चची शिकवण गर्भधारणेपासूनच जीव मानते. मध्ययुगात थॉमस अक्वायनस यांच्यासारखे त्यांचेच थोर पंडित आत्मा नंतर येतो म्हणत, हे मी तिला सांगून पाहिलं आणि माझं मलाच ओशाळं वाटलं. तिला वाद जिंकायचा नव्हता, क्षमा हवी होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा दिला. मी तिला तिच्या फादरांकडे पाठवलं. माझ्या कामातला तो एक चांगला निर्णय मानते.

वैदेहीकडे परत येते. तिसऱ्या भेटीत तिचा नवरा सोबत होता. भला माणूस. बायकोचं दुःख हलकं करायला तो एकच वाक्य घोकत होता: "अगं, डोकंच नव्हतं. गोळाच होता तो." प्रत्येक वेळी वैदेहीचा चेहरा मिटायचा. चौथ्या महिन्यापासून ती रात्री मोबाईल पोटाशी धरून गर्भसंस्काराचे श्लोक लावत होती. शेजारी झोपून अभिमन्यूची गोष्ट ऐकवणारा हाच नवरा होता. आता त्याचा गोळा झाला. सासूबाईंचं दुसरं टोक: जीव होता, तो अतृप्त राहिला, त्र्यंबकला जाऊन नारायण नागबली करून घेऊ, म्हणजे पुढचं बाळ नीट होईल. वर शेजारणींची नजर. आपल्याकडे पाचव्या महिन्यात गर्भ काढला म्हटलं की 'मुलगी होती वाटतं' हा संशय तयारच.

चौथ्या भेटीत मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली.

"समजा आज सिद्ध झालं की जीव नव्हता. मग?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी दोन महिने कुणासाठी रडतेय? मग मी वेडी."

"आणि सिद्ध झालं की होता?"

"मग मी…" पुढचा शब्द तिने उच्चारला नाही. मीही तो भरला नाही.

"म्हणजे या हिशेबात दोन्हीकडे तुमचा तोटाच."

ती वहीकडे बघत राहिली. बाहेर कॉलेज रोडवरचा गोंगाट. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. नवीन असताना मी अशा शांततेत पाणी विचारायचे. मग तिने पेनाचं टोपण काढलं, दोन्ही रकान्यांच्या खाली, त्या दुहेरी रेघेच्या पलीकडे, एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे फिरवली.

'त्याला दुखलं असेल का?'

आठ आठवडे चरक, उपनिषद, पेशी यांच्याआडून ती हेच विचारत होती. जीव कधी येतो याला सगळ्यांना पटेल असं उत्तर नाही, पण या प्रश्नाला आहे. मी ते डॉक्टरांशी आधी बोलून ठेवलं होतं. दुखणं जाणवायला मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत जाणाऱ्या जोडण्या लागतात आणि बहुतेक तज्ज्ञांच्या मते त्या साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आधी होत नाहीत. तुमच्या बाळात तर तो थर घडलाच नव्हता. नाही, त्याला दुखलं नाही.

"पण मला फडफड जाणवली होती. दोनदा."

"जाणवली असणारच. ती हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून येते, त्याला मेंदू लागत नाही. तुम्हाला भास झाला नव्हता."

ती रडली. आधीही रडली होती, पण तेव्हा दर दोन मिनिटांनी 'सॉरी मॅडम' म्हणत होती. या वेळी म्हणाली नाही.

इथे माझ्या ध्यानात आलं ते लिहून ठेवते. 'जीव होता का' आणि 'मी आई झाले होते का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत बायका दुसऱ्याला दारात उभं ठेवतात. नातं गर्भाच्या वयावर ठरत नाही. कुणाचं ते पाळी चुकल्या दिवशी जुळतं, कुणाचं बाळ हातात आल्यावरही आठवडाभर जुळत नाही. दोन्ही बायका नॉर्मल.

शेवटी रजेचं बोलणं निघालं. मी मनुस्मृतीचा आधार सहसा देत नाही. महाडला १९२७ साली ती जाळली गेली, त्यामागची कारणं मला मान्य आहेत. पण सासूबाईंच्या घरात शास्त्राचीच भाषा चालत होती आणि एका वृद्ध गुरुजींनी मला पूर्वी सांगितलेलं आठवलं: गर्भ गेला तर जितके महिने तितक्या रात्री, असं त्यात आहे. पाचवा महिना, पाच रात्री. ते अशौचासाठी, म्हणजे सुतकासाठी आहे, शोकासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी म्हटलं, "शास्त्र पाच रात्री देतं. मातृत्वलाभाचा कायदा सहा आठवड्यांची पगारी रजा देतो. तुम्ही तीन दिवस घेतलेत."

"मला कुणी सांगितलंच नाही."

त्याच गुरुजींनी सांगितलेलं दुसरं मी सासूबाईंपर्यंत पोचवलं: तीन वर्षांच्या आतल्या मुलालाही तिलांजली नसते, तिथे न जन्मलेल्याचा दोष कुठून? त्यांना ते किती पटलं कोण जाणे, पण त्र्यंबकचा विषय पुढे ढकलला गेला. विधी करू नका असं मी कुणाला म्हणत नाही. भीतीपोटी आणि कर्ज काढून करू नका, असं म्हणते.

घरच्यांना मात्र सांगायचं आहे. 'गोळा होता', 'बरं झालं आताच गेलं', 'अजून वय आहे', ही तिन्ही वाक्यं प्रेमाने बोलली जातात आणि तिन्ही दार बंद करतात. काही सुचत नसेल तर शेजारी बसा. वैदेहीच्या नवऱ्याने पाचव्या भेटीत कबूल केलं की सोनोग्राफीचा रिपोर्ट त्याने आजवर उघडलेला नाही. गोळा हा शब्द तो स्वतःलाच सांगत होता. पुरुषांना कुणी विचारत नाही, तेही विचारा. पपई, ग्रहण, जिना यांचे आरोप घरात येऊ देऊ नका. कवटीचा हा दोष गर्भ राहिल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत, बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं नीट कळायच्या आतच ठरतो. पुढच्या वेळेसाठी करण्यासारखं आहे ते फोलिक अॅसिडचं: एकदा असं झालेल्या बाईला डॉक्टर गर्भ राहण्याच्या आधीपासूनच जास्त मात्रेची गोळी देतात. तेवढं विचारून घ्या. आणि आठवडेच्या आठवडे झोप-जेवण तुटलेलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं ती बोलू लागली असेल, तर माझ्यासारखीवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

वैदेहीने जानेवारीत पाच दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण 'वैयक्तिक'. आली तेव्हा मी विचारलं, काय केलंत पाच दिवस?

"पहिले दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी रिपोर्ट उघडला. यांनी शेवटपर्यंत वाचला. चौथ्या दिवशी अॅपमध्ये शोधलं तर खाली एक बटण होतं, बाळ गेलं असं कळवायचं. दाबलं. भाज्या बंद झाल्या."

"आणि पाचव्या?"

"पाचव्या दिवशी दुपारी कंटाळा आला हो. मग खाली उतरले आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले."