तेलाच्या तवंगावर साबण टाकला तर चालतं का?

प्रश्न: ताई, मुंबईत दारूखान्याकडे धक्क्याला लागून आमचं बोट रिपेअरिंगचं छोटं वर्कशॉप आहे. डिझेल सांडलं की पोरं सरळ साबणाचं पाणी मारतात, तवंग गायब होतो, मग प्रॉब्लेम काय?

उत्तर: अहो दादा, तवंग गायब होतो, तेल नाही ना! साबणाने त्याचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात खाली मिसळतात, म्हणजे आधी निदान वरून उचलता तरी आलं असतं, आता तेही गेलं, आणि पलीकडे शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो चरतात ते वेगळंच. जमिनीवर डिझेल सांडलं की लगेच लाकडाचा भुसा टाका, झाडून डब्यात भरा, आणि तो डबा नेहमीच्या कचऱ्यात नको, जळक्या ऑइलसारखाच अधिकृत रिसायकलरकडे किंवा घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पण खरं सांगू, मला डिझेलपेक्षा तुमच्या रंगाची जास्त काळजी वाटते. बोटीच्या बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात बहुतेक वेळा तांबं असतं, आणि तुम्ही तो खरवडला की ती लालसर पूड जमिनीवर पडून राहते, जूनचा पहिला पाऊस आला की सगळी एका दमात बंदरात. कालवांच्या पिल्लांना तांबं फार बाधतं. म्हणून खरवडताना खाली ताडपत्री अंथरा, रोज संध्याकाळी झाडून घ्या, पाइपने धुऊ नका. आणि बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी रात्री गुपचूप सोडणारे शेजारी असतील तर फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा, हो, भांडण होईल थोडं.