शंका-समाधान : ऑडिटमधून निसटणारी कामे

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरवर ‘ओपनॅट’ (openat) या फाइल उघडण्याच्या सिस्टिम कॉलवर (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, केलेल्या विनंतीवर) ऑडिट नियम, म्हणजे अशा कामांची नोंद ठेवण्याचा नियम, लावलेला आहे, तरीही आयओ-यूरिंग (io_uring) ही कर्नलकडून रांगेने कामे करून घेण्याची सुविधा वापरणाऱ्या प्रोग्रामने उघडलेल्या फाइलींची नोंद होत नाही. असे का?

उत्तर : नेहमीचा नियम सिस्टिम कॉल संपताना तपासला जातो. आयओ-यूरिंगमध्ये मात्र प्रोग्राम आपली विनंती सामाईक मेमरीतील रांगेत ठेवतो आणि कर्नल ती पुढे केव्हातरी, कित्येकदा स्वतंत्र वर्कर थ्रेडवर (पार्श्वभूमीत चालणाऱ्या कार्यधाग्यावर), पार पाडतो. त्यामुळे ‘ओपनॅट’ हा कॉल मुळी घडतच नाही. आयओ-यूरिंग ही सुविधा २०१९ मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.१ आवृत्तीत आली, तर तिचे ऑडिट २०२२ च्या जानेवारीतील ५.१६ मध्ये, मधला काळ आमच्या मते फारच लांबला. आता अशा कामासाठी ‘यूरिंगऑप’ ही वेगळी नोंद असते, परंतु त्याकरिता नियम ‘एक्झिट’ या (कॉल संपताना तपासल्या जाणाऱ्या) नेहमीच्या यादीऐवजी ‘आयओ_यूरिंग’ या यादीत लिहावा लागतो. वाचन-लेखनाची कामे वेगाखातर या ऑडिटमधून मुद्दाम वगळलेली आहेत, त्यामुळे फाइल उघडल्याची नोंद मिळेल, पुढच्या प्रत्येक वाचनाची नव्हे. आयओ-यूरिंग ही सुविधा लागतच नसेल, तर ६.६ पासून ‘आयओ_यूरिंग_डिसेबल्ड’ या सेटिंगला २ ही किंमत देऊन ती पूर्ण बंद करता येते.