कॉम्प्रेस्ड फूटेजवर हिरवा पडदा नीट कापायचा तर

चित्रातला हिरवा पडदा काढून टाकल्यावर केसांच्या कडेला करवतीसारखे दात दिसतात म्हणतोस, पण म्हणून प्लगिन बदलत बसू नकोस. माहिती मुळात फाइलमध्येच नाही. साध्या कॅमेऱ्याचं एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) रेकॉर्डिंग बहुतेक वेळा ४:२:० असतं, म्हणजे रंगाची माहिती कमी साठवलेली. उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची, रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एकच. म्हणजे १९२० × १०८० च्या चित्रात रंग फक्त ९६० × ५४०, आणि ‘की’ (पडद्याचा रंग ओळखून तो भाग कापणं) तर रंगावरच निघते.

म्हणून ४के असेल तर ४केमध्येच शूट कर आणि १०८० च्या टाइमलाइनवर आण; रंगाची नोंद पिक्सेलगणिक मिळते. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. ४के नसेल तर क्लिपची प्रत घेऊन तिचा फक्त रंग एक-दोन पिक्सेल ब्लर कर, उजेडाला हात लावू नकोस. मॅट (काय ठेवायचं, काय कापायचं हे सांगणारा काळा-पांढरा साचा) त्या प्रतीवरून काढ आणि मूळ क्लिपला लाव. कॅमेऱ्यातलं शार्पनिंग अगदी कमी, आयएसओही (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) कमी.

फोंड्याला पडवीत शूट करणार म्हणतोस, तर सांभाळ. समोरच्या कुळागरातून (नारळी-पोफळीच्या बागेतून) येणारा हिरवट उजेड गालांवर पडतो, तो स्पिल सप्रेसरनेही (अंगावर पडलेली हिरवी झाक काढणाऱ्या इफेक्टनेही) पुरता जात नाही. खोलीत ये, पात्र पडद्यापासून दोन मीटर तरी पुढे उभं कर, पडद्याला वेगळे दिवे दे. तुझ्या शूटमधल्या नवरीच्या हातात हिरवा चुडा आहे ना? हिरव्या पडद्यासोबत तोही कापला जाईल, मग निळा पडदाच घे, फक्त त्याला उजेड जास्त लागेल, कारण निळ्यात नॉइज (चित्रातले दाणे) लवकर दिसतो.