एडिट टेबल इतक्यात सोडू नकोस

तुझा मेसेज वाचला, लगेच लिहायला जमलं नाही कारण इथे टेलिकास्टची मारामारी चालू होती. तुझं म्हणणं असं की एडिटिंग सोडून कुणाची तरी चौथी-पाचवी एडी (असिस्टंट डायरेक्टर) व्हायचं, म्हणजे डायरेक्शनच्या जवळ जाता येईल. हो की एडी, पण मग पहिली काही वर्षं कलाकारांना व्हॅनिटीतून बोलवायचं आणि ओढणी कुठल्या खांद्यावर होती ते लक्षात ठेवायचं एवढंच पदरात पडेल, आणि शूट झालेल्याचं पुढे काय झालं ते तुला टीव्हीवरच कळणार. त्याआधी रॉबर्ट वाइज या माणसाचं करिअर जरा नीट बघ. नाव ऐकलं नसशील, पण 'द साउंड ऑफ म्युझिक' कधीतरी बघितला असशीलच, त्याचाच डायरेक्टर.

इंडियानातला पोरगा, घरी पैसे नाहीत म्हणून 1933 मध्ये कॉलेज सुटलं, भाऊ हॉलिवूडला आरकेओ स्टुडिओत अकाउंट्सला होता त्याच्या वशिल्याने चिकटला. (वशिला तिथेही लागतो, उगाच वाईट वाटून घेऊ नकोस.) काम काय तर फिल्मचे डबे वाहायचे. मग साउंड इफेक्ट्स, मग असिस्टंट, मग एडिटर, आणि 1941 ला आलेला डायरेक्टर ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' याने एडिट केलेला, वय फक्त 26. त्यात सुरुवातीला एक खोटी न्यूजरील (थिएटरात दाखवायचे तसली बातम्यांची फिल्म) आहे, ती जुनी आणि घासलेली दिसायला हवी होती म्हणून या लोकांनी फिल्म चक्क वाळू घातलेल्या कापडातून ओढून काढली. आणि तो नवरा-बायकोच्या नाश्त्याचा सीन, दोन-अडीच मिनिटांत अख्खा संसार विस्कटतो, सुरुवातीला लाडीगोडी आणि शेवटी ती त्याच्यासमोर (तो स्वतः पेपरचा मालक) त्याच्याच स्पर्धकाचा पेपर उघडून बसते. तो सीन टाइमलाइनवर टाक आणि कुठे कट मारलाय ते फ्रेम-फ्रेमने बघ, तुला कळेल मी काय म्हणतोय.

आता डायरेक्शन कसं मिळालं ते ऐक. 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' नावाचा छोट्या बजेटचा सिनेमा चालला होता, डायरेक्टर गुंथर फॉन फ्रिच शेड्यूलच्या फार मागे पडला, स्टुडिओने त्याला काढलं आणि एडिटरला उभं केलं. एडिटर म्हणजे वाइज. का तर काय शूट झालंय, काय राहिलंय आणि कुठले शॉट नसले तर सीन लागणारच नाही हे युनिटमध्ये त्यालाच सगळ्यात जास्त माहीत होतं. 1944 ला सिनेमा आला, दोघांचं नाव लागलं. दुसऱ्याच्या जागेवर जायला त्याला कसंतरीच वाटत होतं म्हणे, पण तो नसता गेला तर दुसरा कुणीतरी गेलाच असता.

पण या माणसाची एक गोष्ट मला अजून खटकते आणि ती तुझ्यापासून लपवणार नाही. वेल्सचा पुढचा सिनेमा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स', एडिटर हाच. वेल्स ब्राझीलला दुसऱ्या शूटला गेलेला, वाइजला प्रिंट घेऊन तिकडे पाठवायचं ठरलं होतं पण युद्धामुळे प्रवासावर बंधनं आली, मग सगळं तारांवर. मार्च 1942 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला प्रीव्ह्यू, म्हणजे रिलीजआधी लोकांना दाखवायचा खेळ, झाला, लोक नको तिथे हसले, स्टुडिओ घाबरला, आणि दोन तासांच्या वरचा सिनेमा 88 मिनिटांवर आणला. कापला कुणी, तर वाइजने. काही सीन नव्याने शूट झाले त्यातही त्याचा हात होता. कापलेलं फुटेज स्टुडिओने नंतर नष्ट केलं, म्हणजे आता शोधूनही मिळत नाही. संगीतकार बर्नार्ड हरमनने तर स्वतःचं नाव काढून घेतलं. वाइज शेवटपर्यंत म्हणत राहिला की त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता. असेलही, पण चॅनलचा ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) रात्री अकराला फोन करून 'तो सीन उडव, डायरेक्टरला मी सांगतो' म्हणेल तेव्हा तू आधी डायरेक्टरला फोन करायचा. नोकरी जात नाही त्याने, फार तर शिव्या पडतात.

बाकी गडी कुठल्याही कामाला नाही म्हणायचा नाही. हॉरर, वेस्टर्न, पाणबुडी, परग्रहावरचा माणूस, सगळं केलं, म्हणून समीक्षक म्हणायचे की याला स्वतःची स्टाइलच नाही. मला हे पटत नाही, 1949 चा 'द सेट-अप' बघ. उतरणीला लागलेल्या बॉक्सरची एक रात्र, 72 मिनिटांचा सिनेमा आणि गोष्टही तेवढ्याच वेळात घडते, सुरुवातीला चौकातल्या घड्याळात नऊ वाजून पाच झालेत, शेवटी सव्वादहा. जंप नाही, 'दुसऱ्या दिवशी' नाही, लपायला जागाच नाही. एडिट टेबलवर वर्षं काढलेल्या माणसालाच असली खाज सुटते. पुढे 'वेस्ट साइड स्टोरी'ला जोडीचा डायरेक्टर जेरोम रॉबिन्सला मध्येच काढल्यावर गाडा यानेच ओढला, 'साउंड ऑफ म्युझिक' डायरेक्टर विल्यम वायलरने सोडल्यावर याच्याकडे आला, आणि या दोन सिनेमांवर डायरेक्टर आणि निर्माता म्हणून मिळून चार ऑस्कर. लगेच हुरळू नकोस, 'साउंड ऑफ म्युझिक'च्याच हिरॉइनला, ज्युली अँड्र्यूजला, घेऊन 1968 ला 'स्टार!' केला तो सपशेल आपटला.

आणि गंमत बघ, एवढ्या मोठ्या एडिटरला 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या सिनेमात एडिटलाच वेळ मिळाला नाही. इफेक्ट्सचे शॉट शेवटपर्यंत येत राहिले, 7 डिसेंबर 1979 ही तारीख थिएटरवाल्यांना देऊन झालेली, प्रीव्ह्यू नाही काही नाही, तसाच रिलीज. 2001 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, त्याने तो पुन्हा एडिट करून घेतला. वेल्सला 'अँबरसन्स'साठी ते कधी मिळालं नाही.

तर आता तू हे कर. रशेस (शूट होऊन आलेलं कच्चं फुटेज) लावताना जो शॉट पाहिजे होता आणि घेतलाच नाही तो एका वहीत लिहीत जा, सीन नंबरसकट. पॅचवर्क शूट (राहिलेले शॉट नंतर घ्यायचं शूट) लागलं की डायरेक्टरला ती यादी दे आणि सेटवर येऊ का म्हणून विचार, पॅचवर्कला कुणालाच जायचं नसतं त्यामुळे तो नाही म्हणणार नाही. पहिल्यांदा बाजूला उभं करेल, मग एखादा इन्सर्ट (हात, वस्तू असला छोटा जवळचा शॉट) तूच घे म्हणेल. पगाराचं जे लिहिलंयस त्यावर फोनवर बोलू, रविवारी दुपारनंतर कर.